वानर मारायचं नाही हे मान्य, पण केळीचं काय करायचं? खान्देशातल्या लोकांनी सांगा

अनेरकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. घरची केळी आहे, रब्बीला हरभरा आणि मका. विषय वानरांचा आहे, काळ्या तोंडाची लांब शेपटीवाली. लहानपणापासून ही टोळी बघतोय, डोंगरातून उतरायची, नाल्याच्या काठाकाठानं यायची, वेशीतल्या मारोतीच्या पिंपळावर दुपार काढायची आणि संध्याकाळच्या आत परत वर जायची. आता ती परत जातच नाही. कांदेबाग, म्हणजे केळीची एक लागण, निसवायला लागला, घड बाहेर पडायला लागले, की टोळी बागेतच मुक्कामाला, कोवळी पानं, केळीचं कमळ, कच्चा घड, जे हाताला लागेल ते, आणि खातात थोडं, मोडतात जास्त.

मागच्या ग्रामसभेत गावात सरळ दोन तट पडले. एक म्हणतो वर्गणी काढा, बाहेरून पकडणारे बोलवा, पिंजऱ्यात भरून यावलच्या जंगलात सोडून या. दुसरा म्हणतो मारोतीचं रूप आहे, हात लावाल तर गावाला भोवेल. आणि मला दोन्हीकडचं पटतं म्हणून झोप लागत नाही. ह्याच गावात तारेला चिकटून एक वानर मेलं होतं तेव्हा भजनी मंडळ लावून मिरवणूक निघाली होती, गुलाल टाकून, खड्डा खणून, मीठ घालून पुरलं, दहाव्याला काही जणांनी डोकं भादरलं. आज त्याच घरातली पोरं सुतळी बॉम्ब घेऊन त्यांच्या मागं पळतात. माझी आजी म्हणायची, "त्यासले मारू नको रे भाऊ, मारोतीना लेकरं शेतस त्या." आजी गेली, पण ते वाक्य काही कानातून जात नाही.

तर विचारायचं आहे ते असं की ही जी आपल्याकडची श्रद्धा आहे, शनिवारी दारात वानर आलं तर मारोती आला, वानराला मारलं तर वंश बुडतो वगैरे, त्यामुळं वानरं खरंच वाचतात का? का आता ती श्रद्धाच त्यांच्या मुळावर आलीय, खायला घालून घालून? आणि शेतकऱ्यानं ह्यात कसं जगायचं? अंधश्रद्धा म्हणून उडवू नका आणि भक्तीचं प्रवचनही नको, ज्यांनी बघितलंय त्यांनी सांगा.

पायवाट_जळगाव

भाऊ, आधी एक गोष्ट, कारण ग्रामसभेत सगळे एकच समजून बोलतात. काळ्या तोंडाचं वानर आणि लाल तोंडाचं आखूड अंगाचं माकड हे दोन वेगळे प्राणी आहेत, वागणं वेगळं, पोट वेगळं. माकडाला गालात पिशव्या असतात, पटापट कोंबतं आणि पळतं, नंतर झाडावर बसून निवांत खातं. वानराला त्या पिशव्या नाहीत. वानर मुळात पाल्यावर जगणारं जनावर, त्याचं पोट कप्प्याकप्प्याचं असतं आणि त्यात पाला आंबवून पचवतात, म्हणूनच पळसाची, वडाची, उंबराची पानं, कळ्या, कच्ची फळं हे त्याचं रोजचं जेवण. बिस्किटं, पोळ्या, पेढे ह्यासाठी ते पोट बनलेलंच नाही, पिठूळ आणि गोड एकदम जास्त गेलं की बिघडतं.

आणि आपला खान्देश ह्या बाबतीत फार भारी जागेवर आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. लाल तोंडाच्या माकडांत पण दोन जाती, उत्तरेकडचं ऱ्हीसस आणि दक्षिणेकडचं टोपीवालं, डोक्यावर केसांचा भोवरा असतो ते. जुन्या पुस्तकांत ह्या दोघांची हद्द पूर्वेला गोदावरी आणि पश्चिमेला आपली तापी अशी दिलेली आहे. वानरांचं पण तसंच, उत्तरेकडची वानरं चालताना शेपटी पाठीवरून पुढं डोक्याकडं वळवतात आणि दक्षिणेकडची मागं झुकवतात, झूलॉजिकल सर्व्हेचे एम. एल. रूनवाल यांनी ह्याचा बारकाईनं अभ्यास केला होता, पश्चिमेकडं ही हद्द सुद्धा तापीच्या आसपासच धरतात. पुढच्या वेळी टोळी बांधावरून जाताना शेपटी नीट बघा आणि इथं लिहा, चोपड्याचं आणि चाळीसगावचं वेगळं दिसतं का ते कळेल.

हे मुद्दाम सांगतोय कारण पकडून गाडीत भरून कुठंही सोडलं की ह्या हद्दी माणूसच पुसतो. ऱ्हीसस माकडं दक्षिणेकडं सरकत चाललीत आणि टोपीवाल्या माकडांची जागा घेतायत असं 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. शहरातून पकडून दुसरीकडं सोडलेल्या टोळ्यांचा त्यात हात आहे.

श्रद्धेबद्दल तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हो, वाचवते. यावल अभयारण्य 1969 सालचं, 177 चौरस किलोमीटरचं, पण वानरं काय अभयारण्याची हद्द बघून राहत नाहीत. बाहेर गावोगाव जी टिकली ती वनविभागामुळं नाही, वेशीतल्या मारोतीमुळं टिकली.

केळीबाग_रावेर

पायवाट भाऊ, शेपटीचं वाचून बरं वाटलं, पण आमचं ऐका आता. एक खोड उभं करायला टिश्यूचं रोप, ठिबक, खत, बांबू किंवा पट्टी, घडावर चढवायची स्कर्टिंग बॅग, मजुरी, हे सगळं धरून खर्च काय येतो हे केळीवाल्यालाच माहीत. घड निसवला, फण्या मोजल्या, बॅग चढवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग फाडून अर्ध्या फण्या ओरबाडलेल्या. व्यापारी त्या घडाला हात लावत नाही, ओरखडा असलेला माल बाहेर जात नाही. वानरानं खाल्लं त्याचं दुःख नाही, दोन फण्या खाव्यात, त्याचा पण वाटा आहे असं माझा बापही म्हणायचा. पण पूर्वी चार-पाच वानरं यायची, आता आख्खी टोळी येते आणि तिच्यामागं अजून एक.

मी मारोतीला तेल घालतो दर शनिवारी, रुईची माळ घालतो. मला कुणी श्रद्धा शिकवू नये. पण नुकसानीचा अर्ज घेऊन गेलो तर पंचनामा करायला आलेला माणूस म्हणाला किती खोडं पूर्ण गेली ते सांगा, अर्धवट घडाचं कसं लिहू. म्हणजे हत्तीनं बाग तुडवली तर लिहिता येतं आणि वानरानं रोज थोडं थोडं खाल्लं तर नाही. देव पण आमचा आणि नुकसान पण आमचंच, असं किती दिवस चालणार सांगा.

पकडून नेणं चूक आहे म्हणता तर उपाय द्या. राखणदार ठेवायचा तर रोजंदारी परवडत नाही, फटाक्याला ती आता दाद देत नाहीत.

वनमजुराची_लेक

काका, तुमचा राग खरा आहे. माझे वडील वनखात्यात रोजंदारीवर होते, मी लहानपणापासून हेच ऐकत आलेय, म्हणून थोडं सांगते.

पहिलं म्हणजे अर्ज. राज्य सरकारच्या पीक नुकसान भरपाईच्या यादीत रानडुक्कर, हरीण, नीलगाय, रानगवा, हत्ती ह्यांच्याबरोबर माकड पण आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवायचं असतं, हे लोकांना माहीत नसतं आणि मग उशीर झाला म्हणून अर्ज परत येतो. तारीख दिसेल असे मोबाईलचे फोटो काढा, प्रत्येक घडाचा वेगळा, अख्ख्या बागेचा एकच नको. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी एकाच दिवशी अर्ज टाकला तर पंचनामा टाळता येत नाही. अर्धवट घडाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, ह्यासाठी तालुक्याच्या पातळीवर केळीवाल्यांनीच एकत्र आवाज उठवायला पाहिजे, एकेकट्यानं होत नाही.

दुसरं, पकडून सोडणं. वानर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, परवानगीशिवाय पकडणं गुन्हा आहे, गावानं वर्गणी काढली म्हणून तो गुन्हा माफ होत नाही. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, तिच्यात ऱ्हीसस माकड यादीतून बाहेर गेलं, त्यामुळं बऱ्याच जणांना वाटतं की सगळ्याच माकड-वानरांना मोकळीक झाली. तसं नाहीये, वानर अजून यादीत आहे, टोपीवालं माकड तर पहिल्याच परिशिष्टात आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यानं काम होत नाही हे मी बघितलंय. पकडणाऱ्यांना सगळ्यात आधी कोण सापडतो तर तो मोठा हुप्प्या, म्हणजे टोळीचा मुख्य नर, कारण तोच पुढं येतो, दात दाखवतो. त्याला नेला की टोळी मोकळी पडते आणि बाहेर नुसत्या नरांची जी टोळकी फिरत असतात त्यातला एखादा येऊन ताबा घेतो. नवा नर आला की बरेचदा आधीच्या नराची दूधपिती पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. हे 1960 च्या दशकात जपानी संशोधक सुगियामा यांनी धारवाडला पाहून पहिल्यांदा नीट नोंदवलं, पुढं जोधपूर आणि माउंट अबूलाही दिसलं. वडिलांनी एका गावात हेच पाहिलं होतं, हुप्प्या नेल्यावर पंधरवड्यात माद्या मेलेली पिल्लं छातीशी धरून फिरत होत्या, आणि ज्या बायकांनी वर्गणी दिली होती त्याच मारोतीपुढं रडत बसल्या. टोळी काही कमी झाली नाही, केळीवर तेवढीच येत राहिली. माणसं मात्र कायमची दुखावली.

पाडा_धडगाव

मी पावरा आदिवासी आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीतला. जळगावकडची चर्चा वाचली, थोडं वेगळं सांगतो.

आमच्या पाड्यावर वाघदेव पुजतात, गावदेव पुजतात, मारोतीचं देऊळ आता झालंय, आधी नव्हतं. तरी म्हातारी माणसं वानराला उगाच दगड मारू देत नाहीत आणि त्याचं कारण विचारलं तर देवाचं नाव घेत नाहीत. म्हणतात, तो रानाचा राखणदार आहे. संध्याकाळी वरच्या झाडावरून वानरानं खकार दिला, तो एक वेगळाच घोगरा खोकल्यासारखा आवाज असतो, की पोरं शेळ्या हाकत घरी आणायची, बिबट्या खाली कुठंतरी आहे म्हणून समजायचं. किती जणांच्या शेळ्या त्याच्यामुळं वाचल्या असतील. ज्याचा आपल्याला उपयोग आहे त्याला माणूस मारत नाही.

आणि मोह. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पडतात, आम्ही अंधारातच वेचायला जातो, वानरं पण खातात, वरून खातात आणि हलवून खाली पाडतात पण. कुणी त्यावरून भांडत नाही. मोहाचं झाड कुणी तोडत नाही, लग्नात त्याची फांदी लागते, मग ते झाड वानराचं पण आणि आमचं पण. तुमच्याकडं वानर केळीत का येतं ह्याचं उत्तर मला वाटतं केळीत नाहीये. ते कुठून येतं आणि वाटेत त्याला काय खायला उरलंय ते बघा.

अनेरकाठचा

दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी आज मुद्दाम नाल्याच्या काठानं चालत गेलो, टोळी यायची त्या वाटेनं. पूर्वी बांधावर उंबर होते, दोन मोठे वड होते, एक पिंपरी होती, करंज, जांभूळ, चिंच. रस्ता रुंद झाला तेव्हा वड गेले. उंबर केळीवर सावली पडते म्हणून शेतकऱ्यांनीच काढले, त्यात आमचाही एक होता, माझ्या चुलत्यांनी काढला. आता डोंगराच्या पायथ्यापासून गावापर्यंत मधे झाडच नाही, थेट केळी. मारोतीचा पिंपळ तेवढा राहिलाय कारण तो मारोतीचा आहे.

मास्तरीण_अमळनेर

सगळ्यांचं वाचलं, फार चांगलं चाललंय. मी शाळेत विज्ञान शिकवलं आयुष्यभर आणि घरी हनुमान जयंतीचा उपास पण करते, दोन्ही मनापासून. म्हणून ह्या विषयावर थोडं लांबलचक लिहिते, सहन करा.

श्रद्धेनं माकडं वाचतात का, तर वाचतात, आणि ते फक्त आपल्या गावापुरतं नाही. आपल्या देशातून 1950 च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी ऱ्हीसस माकडं परदेशात जात होती, वर्षाला लाखाच्या वर. आणि 1978 साली मोरारजी देसाई पंतप्रधान असताना ही निर्यात बंद झाली. त्यामागं दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे अमेरिकेत ही माकडं लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत वापरली जातात हे बाहेर आलं, करारात तसं करायचं नव्हतं, आणि दुसरी म्हणजे लोकांची भावना, की हे आमच्या हनुमंताच्या जातीचं आहे. जंगलखात्याचा कुठला अहवाल जे करू शकला नसता ते लोकभावनेनं केलं. हिमाचलात बघा, 2016 साली केंद्रानं शिमला शहरापुरतं ऱ्हीसस माकडाला उपद्रवी ठरवलं, मारायला मोकळीक दिली, तरी लोक मारायला पुढं आलेच नाहीत.

पण सगळ्याच समजुती वाचवणाऱ्या नसतात हे पण तेवढंच खरं. मादागास्करमधे आय-आय म्हणून एक रात्रीचा लहान प्राणी आहे, लांब बारीक बोटाचा, माकडांच्याच दूरच्या कुळातला. बऱ्याच गावांत तो दिसला की मरण येतं असं मानतात आणि दिसताक्षणी मारतात. त्याच बेटावर इंद्री नावाचा दुसरा प्राणी आपला पूर्वज मानतात म्हणून त्याला हात लावत नाहीत. आपल्या तामिळनाडू-कर्नाटकात लाजवंती म्हणजे ते मोठ्या डोळ्यांचं इवलंसं लोरिस, त्याला करणी आणि डोळ्यांच्या औषधासाठी पकडतात, फार हाल करतात. तिथं 2022 साली तामिळनाडूनं कडवूरला लोरिससाठी 11,806 हेक्टरचं अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा कुठं त्याच्यामागं कायदा उभा राहिला.

आफ्रिकेत घाना देशात बोआबेंग आणि फिएमा अशी दोन शेजारची गावं आहेत. तिथली माकडं गावदेवाची लेकरं मानतात, मेली तर माणसासारखं पुरतात, आपल्या गावांसारखंच. 1970 च्या दशकात काही लोकांनी नवा पंथ धरला, जुनं बंधन मानेनासे झाले आणि माकडं मारायला लागले. तेव्हा गावकऱ्यांनी काय केलं, तर 1975 मधे मारायला बंदी करणारा नियम करून घेतला, म्हणजे श्रद्धा ढिली पडली तिथं कायद्यानं टेकू दिला. आज ते जंगल आणि माकडं दोन्ही आहेत, बघायला लोक येतात, गावाला उत्पन्न मिळतं.

आता अनेरकाठच्या भाऊंनी नाल्याचं जे लिहिलं त्यावर येते, कारण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हैसूरच्या भागात टोपीवाल्या माकडांची वर्षानुवर्षं मोजणी झाली आहे. 25 वर्षांत त्यांची संख्या 65 टक्क्यांहून जास्त घटली. तिथं लोक काही नास्तिक झालेले नाहीत, हनुमान तिथंही आहे. घटण्याचं एक मोठं कारण म्हणजे रस्त्याच्या कडेची वड-उंबराची जुनी झाडं रुंदीकरणात गेली. ज्या माकडाला आपण सगळीकडं दिसतं म्हणून कधी मोजलंच नाही ते आज जगाच्या यादीत असुरक्षित म्हणून नोंदलं गेलंय. आपल्या वानरांचं असं व्हायला वेळ लागणार नाही.

आपल्या जुन्या माणसांचा जो नियम होता तो नुसता वानराला मारू नको एवढाच नव्हता हो. वड तोडू नको, पिंपळ तोडू नको, उंबराखाली दत्त आहे त्याला कुऱ्हाड लावू नको, हे सगळं त्याच दमात सांगितलं जायचं. वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातली झाडं, आणि प्रत्येक झाडाचा फळायचा हंगाम वेगळा, एक संपलं की दुसरं चालू, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा कुठं ना कुठं खायला असतं. देवानं नेमून दिलं म्हणा की अनुभवानं कळलं म्हणा, पण नेमकी तीच झाडं पवित्र ठरली ज्यांच्यावर वानर, वटवाघूळ, हरियाल, धनेश सगळे जगतात. आपण त्यातला अर्धा नियम ठेवला आणि अर्धा सोडला. वानर देवाचं राहिलं, उंबर मात्र केळीवर सावली पाडणारं झाड झालं. मग देवाचं वानर जाणार कुठं, ते केळीतच येणार.

घाटमाथा_चाळीसगाव

मास्तरीणबाई, एकदम पटलं. मी फक्त खायला घालण्याबद्दल लिहितो, कारण रोज डोळ्यानं बघतो. आमचा कन्नडचा औट्रम घाट गौताळा अभयारण्यातून जातो. गाड्या वळणावर थांबवतात, पोरांच्या हातात बिस्किटाचा पुडा देतात, खिडकीतून टाकतात, शनिवार असला तर केळीचे अख्खे डझन. पुण्य मिळालं म्हणून हात जोडतात आणि निघून जातात. मागून येणारी गाडी त्या पिल्लाला दिसत नाही, गाडीवाल्याला पिल्लू दिसत नाही. मी स्वतः पोरांना घेऊन मेलेली वानरं रस्त्यावरून बाजूला ओढलीयत. वर ज्या माणसाजवळ पिशवी नसते त्याच्या अंगावर जातात, ओरबाडलं तर त्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग तोच माणूस म्हणतो ह्यांना गोळ्या घाला.

आमच्या आजोबांच्या काळात घाटात कुणी वानराला खायला घालत नव्हतं. नमस्कार करायचे. हे पुडे टाकणं गाड्या वाढल्यावरचं आहे, ह्याला परंपरा म्हणू नका कुणी. पाटणादेवीला जाताना मी आता प्रसादाची पिशवी गाडीतच ठेवतो आणि बरोबरच्यांना पण ठेवायला लावतो. लोक चिडतात. चिडू देत.

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळ्याचं सांगतो, 2022 साली पेपरला आलं होतं. त्या गावाच्या सरकारी दप्तरात 32 एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. कुणी केली, कधी केली, गावाला माहीत नाही. पूर्वी तिथं लग्नात आधी माकडांना मान द्यायचे आणि मग पुढचे विधी. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते असं की त्या जमिनीवर वनविभागानं झाडं लावलीयत. पुढ्यात पुडा टाकण्यापेक्षा हे खरं देणं आहे.

केळीबाग_रावेर

चाळीसगावकर, पुड्याचं बोललात ते सोळा आणे खरं. आमच्या गावात पारावर रोज सकाळी टोपलीभर पोळ्या टाकणारे आहेत, त्यांची स्वतःची केळी नाही. टोळी त्या पोळ्यांसाठी येते आणि मग दिवसभर आमच्या बागेत. मी त्यांना एकदा बोललो तर मला पापी ठरवलं.

झाडांचं मान्य आहे मास्तरीणबाई. पण झाड मोठं व्हायला दहा वर्षं, तोवर मी काय करू?

वनमजुराची_लेक

काका, तोवर राखण, पण एकट्यानं नाही. आमच्या गावात सहा-सात बागा मिळून दोन माणसं ठेवली, केळी निसवल्यापासून कापणीपर्यंत, पैसे खोडाच्या हिशोबानं वाटून. राखणदार टोळीला बागेतून बागेत हाकत नाही, नाल्याकडं हाकतो, हे आधीच ठरवून घ्यायचं, नाहीतर आपली शेजाऱ्यावर आणि शेजारी आपल्यावर घालतो, तिथंच सगळं फिसकटतं. बरोबर दोन गावठी कुत्री. गोफणीचा नुसता आवाज काढायचा, दगड अंगावर नाही. ती कार्बाइडची पाईप बंदूक मात्र आणू नका, पोरांचे डोळे जातात. डोंगराकडची बाहेरची बाजू आहे तिथं जमलं तर मिरची लावा, मिरचीच्या वाटेला ती जात नाहीत. ह्यानं नुकसान शून्य होत नाही. पण निम्म्यावर आलं असं आमच्याकडचे शेतकरी सांगतात.

आणि पारावरच्या पोळ्या बंद करायला वनखात्याचा माणूस नका बोलवू. मंदिराच्या पुजाऱ्याला आणि भजनी मंडळाला सांगायला लावा. त्यांनी सांगितलं की मारोतीला हे चालत नाही, तर कुणी पापी ठरवणार नाही.

अनेरकाठचा

हे भजनी मंडळाचं मी उद्याच धरतो. बुवा आमचे नात्यातले आहेत आणि त्यांची स्वतःची पण केळी आहे, ते समजतील. ग्रामसभेत मांडायला माझ्याकडं आता तीन गोष्टी झाल्या, पारावर पोळ्या टाकायच्या नाहीत, बागा मिळून राखण, आणि नाल्याच्या दोन्ही काठांना झाडं. नाल्याकडची थोडी गायरान जमीन पण आहे, तिच्यावर कुणाचं अतिक्रमण व्हायच्या आत झाडं लागली तर बरं. पकडणाऱ्यांना बोलवायचं म्हणणाऱ्यांना मी हुप्प्याचं आणि पिल्लांचं वाचून दाखवणार आहे, जसं ताईंनी लिहिलंय तसंच. त्यात आमचे चुलते पण आहेत, त्यांना ते लागेल.

फक्त रोपं कुठली आणि कशी, हे सांगा. नर्सरीत उंबर मागितला तर हसतात, गुलमोहर घ्या म्हणतात.

पाडा_धडगाव

गुलमोहर नको, त्याच्यावर वानराचं काही भागत नाही. वडाला रोप लागत नाही भाऊ. मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी तोडायची, पहिला पाऊस पडला की हातभर खोल खड्ड्यात उभी गाडायची, वरच्या टोकाला शेण लिंपायचं, काटे बांधायचे नाहीतर शेळ्या सोडत नाहीत. पिंपरी पण अशीच लागते. उंबराचं बी पाखरांनी टाकलेलं विहिरीच्या कडेला, जुन्या भिंतीत उगवलेलं असतं, ते लहान असतानाच मुळासकट काढून लावायचं. मोहाचं बी आम्ही देतो, जेष्ठात पडतं, ताजंच पेरायचं, ठेवलं तर उगवत नाही.

मास्तरीण_अमळनेर

वडाच्या फांद्यांचं मी बघते. वटपौर्णिमेला आमच्या कॉलनीत बाजारातून फांद्या आणून कुंडीत खोचतात, पुजतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात. ह्या वर्षी बायकांना सांगणार आहे की पूजा झाली की फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्याकडं द्या. त्या बारीक असतात, सगळ्या जगणार नाहीत, पण शाळेच्या मागं आमचा जुना वड आहे, त्याच्या जाड फांद्या देता येतील. अनेरकाठचे भाऊ, अमळनेरहून चोपडा काही लांब नाही, ग्रामसभेचं काय होतं ते कळवा आणि पाऊस लागायच्या आधी टेम्पो घेऊन या.